‘ड’ जीवनसत्त्व : ऊन, ऋतू आणि २०-३० चा वाद

मुडदूस (मुलांची हाडं मऊ पडून वाकण्याचा आजार) आणि ऊन यांचं काहीतरी नातं आहे, हे १८२२ मध्येच एका पोलिश डॉक्टरने लिहून ठेवलं होतं. दाट वस्तीच्या शहरातली मुलं आजारी पडत, खेड्यातली फारशी नाही. पुरावा मिळायला १९१९ उजाडलं. बर्लिनमध्ये पाऱ्याच्या दिव्याच्या अतिनील किरणांखाली ठेवलेल्या मुलांची हाडं सुधारली, हे क्ष-किरण चित्रांत दिसलं. पुढे १९२२ मध्ये कॉडलिव्हर ऑइलमधल्या (कॉड माशाच्या यकृताच्या तेलातल्या) मुडदुसावर गुणकारी घटकाला ‘ड’ हे अक्षर मिळालं.

त्यानंतरचा महत्त्वाचा टप्पा थेट १९८८ चा. त्वचेचे नमुने निरभ्र दिवशी उन्हात ठेवून पाहिले, तेव्हा बोस्टनमध्ये नोव्हेंबर ते फेब्रुवारी त्यांत ‘ड’ तयार व्हायला सुरुवातच होत नव्हती. आणखी उत्तरेला, कॅनडातल्या एडमंटनमध्ये, हा बंद काळ ऑक्टोबर ते मार्च असा लांबला. लॉस एंजलिसमध्ये मात्र जानेवारीतही काम चालू होतं. सूर्य कलता असला की किरणांना वातावरणातून लांबचा प्रवास करावा लागतो, आणि २९० ते ३१५ नॅनोमीटरचा नेमका लागणारा पट्टा ओझोन गिळून टाकतो. खिडकीची काचही तो अडवते, म्हणून काचेआड ऊन खाऊन या बाबतीत काही साधत नाही. धुरकट हवा, अंगभर कपडे, त्वचेतलं मेलॅनिन (तिला रंग देणारं द्रव्य), उतारवय हे सगळं यात भर घालतं. उलट बाजूने, उन्हात कितीही वेळ बसलं तरी ‘ड’चा अतिरेक होत नाही. ठरावीक मर्यादेनंतर त्वचा त्याचे निरुपयोगी पदार्थ बनवू लागते.

इतकं कळल्यावर प्रश्न उरला तो रक्तात किती असावं याचा, आणि खरा गुंता इथेच आहे. २०१० च्या अखेरीस अमेरिका-कॅनडासाठी नेमलेल्या समितीने दर मिलिलिटरला २० नॅनोग्रॅम ही पातळी जवळपास सगळ्यांना पुरेशी ठरवली आणि बहुतेकांसाठी रोज ‘ड’ची ६०० आंतरराष्ट्रीय एककं (IU) सुचवली. ६०० चा हा आकडा काढताना समितीने ऊन जवळजवळ शून्य धरलं होतं. त्वचेच्या कर्करोगाचा धोका आणि माणसागणिक बदलणारं ऊन पाहता ते समजण्यासारखं आहे. पण ज्या जीवनसत्त्वाचा मुख्य स्रोतच ऊन, त्याच्या हिशेबात ऊनच नसावं, हे विचित्रच. काही महिन्यांतच, २०११ मध्ये, अंतःस्रावी ग्रंथींच्या तज्ज्ञांच्या संघटनेने २० च्या खाली कमतरता, २१ ते २९ अपुरं आणि ३० च्या वर पुरेसं अशी वेगळी उतरंड लावली. कोट्यवधी निरोगी माणसं एका फटक्यात ‘अपुऱ्या’ रांगेत गेली.

२० चा अर्थही अनेकांनी उलटा लावला. ती बहुसंख्यांची गरज भागवणारी वरची रेघ होती. निम्म्या लोकांना १६ च्या आसपासच पुरतं, हे त्याच समितीच्या अहवालात होतं. तरीही २० च्या खालचा प्रत्येक जण ‘कमतरता असलेला’ मोजला गेला आणि साथीचे मथळे छापले गेले. समितीतल्याच काहींनी २०१६ मध्ये या गैरवापरावर जाहीर आक्षेप घेतला. त्यात रक्त कोणत्या महिन्यात काढलं याकडे दुर्लक्ष व्हायचं ते झालंच. थंड प्रदेशात एकाच माणसाचा सप्टेंबरचा आणि मार्चचा आकडा बराच वेगळा येतो.

गोळ्यांच्या मोठ्या चाचण्यांनी पुढे उत्साह थंडावला. २५ हजारांहून अधिक लोकांना सामावून घेणाऱ्या अमेरिकी चाचणीत, रोज २००० एककं घेऊनही कर्करोग वा हृदयविकाराचं प्रमाण घटलं नाही (२०१८). अस्थिभंगही कमी झाले नाहीत (२०२२). अर्थात त्यातल्या बहुतेकांची पातळी आधीच बरी होती, त्यामुळे खऱ्या कमतरतेबद्दल हा निकाल फारसं काही सांगत नाही. २०२४ मध्ये अंतःस्रावी तज्ज्ञांच्या त्याच संघटनेने ३० चा आग्रह सोडला आणि निरोगी प्रौढांची सरसकट तपासणी नको, असं म्हटलं. अनेक प्रयोगशाळांच्या अहवालांवर मात्र ३० ची मर्यादा अजून तशीच छापलेली असते.