प्लँटहॉपर : वर्गीकरण आणि ओळख

प्लँटहॉपर हा हेमिप्टेरा गणातील, वनस्पतींचा रस शोषून जगणाऱ्या आणि टुणकन उडी मारणाऱ्या कीटकांचा मोठा गट आहे. शास्त्रीय वर्गीकरणात तो ऑकेनोऱ्हिंका या उपगणातील फुल्गोरोमॉर्फा या विभागात येतो. आज जिवंत असलेल्या सर्व जाती फुल्गोरॉइडिया या एकाच अधिकुलात मोडतात. सुमारे वीस कुले आणि बारा हजारांहून अधिक जाती एवढा हा पसारा आहे.

मराठीत या गटाला स्वतंत्र नाव नाही आणि त्यातून घोटाळा होतो. ‘तुडतुडे’ हा एकच शब्द दोन वेगळ्या गटांसाठी वापरला जातो. भातावरचे तपकिरी तुडतुडे प्लँटहॉपर आहेत. भातावरचेच हिरवे तुडतुडे मात्र लीफहॉपर, म्हणजे सिकाडेलिडी कुलातले असून त्यांचे जवळचे नाते सिकाडांशी, म्हणजे कर्कश आवाज करणाऱ्या मोठ्या कीटकांशी, आहे. उलट उसावरची पाकोळी, म्हणजेच पायरिला, हिला कोणी तुडतुडा म्हणत नाही, पण तीही प्लँटहॉपरच आहे. त्यामुळे बोलीतल्या नावावरून गट ठरवता येत नाही. त्यासाठी कीटक भिंगाखाली धरावा लागतो.

भिंगाखाली पहिली नजर डोळ्यांच्या खाली जायला हवी. प्लँटहॉपरच्या शृंगिका, म्हणजे डोक्यावरच्या मिशा, डोक्याच्या बाजूंना, संयुक्त नेत्रांच्या खाली असतात, तर लीफहॉपरच्या शृंगिका दोन डोळ्यांच्या मधल्या भागात. प्लँटहॉपरच्या शृंगिकेचा दुसरा खंड फुगीर असून त्यावर संवेदी अवयवांचे बारीक उंचवटे दिसतात आणि पुढे केसासारखा शेंडा निघतो. एवढ्या एका खुणेवर बहुतेक वेळा गट निश्चित होतो. खात्रीसाठी आणखी चार गोष्टी पाहाव्यात. पुढच्या पंखाच्या मुळाशी टेग्युला नावाचा छोटा खवला असतो. त्याच पंखाच्या मागच्या कडेजवळच्या दोन शिरा एकत्र येऊन वाय अक्षराचा आकार करतात. मधल्या पायांचे बुंध्याकडचे खंड लांब आणि एकमेकांपासून दूर असतात. लीफहॉपरच्या मागच्या नडगीवर काट्यांच्या लांबच लांब ओळी असतात. प्लँटहॉपरच्या नडगीवर काटे मोजकेच आणि टोकाशी त्यांचा झुबका असतो.

रंगावर विसंबणे ही नवख्यांची नेहमीची चूक. एकाच जातीत फिकट आणि गडद व्यक्ती सापडतात. पंखांची लांबीही फसवते, कारण डेल्फासिडी कुलातल्या अनेक जातींत लांब पंखांचे आणि आखूड पंखांचे असे दोन प्रकारचे प्रौढ असतात. गर्दी वाढली, अन्न घटले की लांबपंखी प्रौढ वाढतात आणि उडून दुसरीकडे जातात. दोन्ही रूपे शेजारी ठेवली तर ती एकाच जातीची आहेत यावर चटकन विश्वास बसत नाही.

वर्गीकरणाचा इतिहास एका गैरसमजाशी जोडलेला आहे. मारिया सिबिला मेरियन या चित्रकार-निसर्गअभ्यासिकेने १७०५ मध्ये सुरिनाममधील कीटकांवरच्या आपल्या ग्रंथात शेंगदाण्यासारख्या फुगीर डोक्याचा एक कीटक रेखाटला आणि त्याचे डोके रात्री प्रकाशते असे लिहिले. स्वीडिश निसर्गशास्त्रज्ञ लिनियसने १७५८ मध्ये त्याला दिलेल्या नावात ‘लॅटर्नेरिया’, म्हणजे कंदिलाचा, हा शब्द आला. आधी सिकाडा या प्रजातीत, म्हणजे जवळच्या जातींच्या गटात, ठेवलेला हा कीटक पुढे फुल्गोरा या प्रजातीत गेला. त्या नावातही विजेचा अर्थ आहे आणि साऱ्या गटाला नाव त्यावरूनच पडले. प्रत्यक्षात हे डोके प्रकाशत नाही. तरीही फुल्गोरिडी कुलातल्या कीटकांना आजवर ‘लँटर्नफ्लाय’, म्हणजे कंदीलमाशी, म्हणतात, आणि ते माशीही नाहीत.

कुल ओळखण्याच्या खुणा कमीअधिक सोप्या आहेत. सर्वात सोपे डेल्फासिडी : मागच्या नडगीच्या टोकाला एक मोठा, हलणारा काटा असतो आणि तो दिसला की प्रश्न मिटला. फुल्गोरिडी कुलात मागच्या पंखाच्या मागील भागात आडव्या शिरांची जाळी असते. फ्लॅटिडी कुलात पुढच्या पंखाच्या कडेला आडव्या शिरांची दाट रांग दिसते, तर डर्बिडी कुलात सोंडेचा शेवटचा खंड अगदी आखूड असतो. पायरिलाचे पुढे आलेले टोकदार डोके पाहून तिला डिक्टियोफॅरिडी कुलात टाकण्याचा मोह होतो, पण ती लोफोपिडी कुलातली आहे. इसिडी कुलातले काही कीटक आखूड आणि जाडसर असल्याने भुंग्यासारखे दिसतात. त्यातल्या इसस या प्रजातीच्या अर्भकांच्या, म्हणजे प्रौढ न झालेल्या पिलांच्या, मागच्या पायांच्या बुडाशी एकमेकांत अडकणारी दातेरी चक्रे असतात, हे २०१३ मध्ये प्रसिद्ध झाले. उडी मारताना दोन्ही पाय एकाच क्षणी सुटावेत यासाठी ती असतात आणि शेवटच्या कातीबरोबर नाहीशी होतात.

कुलांचे आपसातले नाते मात्र अजून पूर्ण स्थिरावलेले नाही. डेल्फासिडी आणि सिक्सिडी ही कुले मुळाजवळून फुटलेली आहेत, याला डीएनएच्या अभ्यासाने बळ दिले. टेटिगोमेट्रिडी हे कुल पूर्वी सर्वात आदिम मानत. तेही याच अभ्यासांमुळे वंशवृक्षावर बरेच वर सरकले.

जात ठरवताना खरी कसोटी लागते. ती बहुधा नराच्या उदराच्या टोकावरच ठरते. हा भाग कापून पोटॅशियम हायड्रॉक्साइडच्या द्रावणात ठेवतात. मऊ भाग विरघळले की तो ग्लिसरीनमध्ये घेऊन जननेंद्रियांच्या कठीण भागांचे आकार पाहतात. फ्रेडरिक म्यूर या कीटकशास्त्रज्ञांनी या पद्धतीने डेल्फासिडींच्या शेकडो जाती मांडल्या. ते हवाईत उसावरच्या पर्किन्सिएला सॅकॅरिसिडा या प्लँटहॉपरचा बंदोबस्त शोधत होते आणि १९२० मध्ये त्याची अंडी शोषणारा एक ढेकूणवर्गीय कीटक त्यांनी क्वीन्सलँडहून तेथे नेला. वर्गीकरण आणि पीकरक्षण एकाच माणसाच्या टेबलावर असण्याचे हे उत्तम उदाहरण.

मादी आणि अर्भके यांच्याबाबत ही पद्धत तोकडी पडते. तेथे सीओआय या मायटोकाँड्रियातील जनुकाचा सुमारे ६५८ अक्षरांचा तुकडा वाचून जुळवणी करतात, पण ज्या नमुन्यांशी जुळवायचे त्यांची ओळख आधी कोणीतरी नीट केलेली असावी लागते.

भाताच्या शेतात याचा अर्थ स्पष्ट होतो. निलापर्वाता या प्रजातीची खूण म्हणजे मागच्या पावलाच्या पहिल्या खंडाच्या बाजूला असलेले बारीक काटे. त्यातली ‘लुगेन्स’ ही जाती, म्हणजेच भातावरचा तपकिरी तुडतुडा, भाताचा मोठा शत्रू आहे. ‘बेकेरी’ आणि ‘म्यूरी’ या तिच्या जवळच्या जाती लीर्सिया या गवतावर वाढतात. तिघींचा तपकिरी रंग सारखाच आणि काटेही तिघींना आहेत. प्रकाशसापळ्यात पडलेल्या ढिगातून लुगेन्सचा खरा आकडा काढायचा तर नर वेगळे काढून त्यांच्या जननेंद्रियांचे आकार पाहावेच लागतात.