पेजमेकर : पेस्टिंगच्या टेबलावरून पडद्यावर

नव्वदच्या दशकात किंवा त्यानंतरच्या दहा वर्षांत छापलेलं एखादं मराठी पुस्तक उघडून पाहा. सुरुवातीच्या पानांवर प्रकाशक, मुद्रक, मुखपृष्ठ यांच्या जोडीला ‘अक्षरजुळणी’ अशी एक ओळ सापडते. शब्द शिशाच्या सुट्या अक्षरांच्या, म्हणजे खिळ्यांच्या जमान्यातला, पण काम बहुतेक वेळा पेजमेकर या पानं लावायच्या संगणक प्रोग्रॅममध्ये झालेलं असतं. लग्नपत्रिका, दिवाळी अंक, पतसंस्थांचे वार्षिक अहवाल, शाळांच्या प्रश्नपत्रिका, मंडळांची पावतीपुस्तकं असा मराठी छपाईचा गाडा या एका प्रोग्रॅमने वीसेक वर्षं ओढला. आणि इतकं करूनही त्याला मराठीचं एक अक्षर कधी कळलं नाही. हे जमलं कसं, हे समजायला थोडं मागे जावं लागतं.

पॉल ब्रेनर्ड हा वृत्तपत्राच्या कचेरीतून आलेला माणूस. मिनियापोलिसच्या दैनिकात काम केल्यावर तो अ‍ॅटेक्स या कंपनीत गेला. मोठ्या दैनिकांना बातम्या लिहिण्या-संपादण्यासाठी लागणारी संगणकयंत्रणा ही कंपनी बनवून देई. पुढे ती कोडॅकने विकत घेतली आणि सिअ‍ॅटलजवळचं रेडमंडचं केंद्र बंद केलं. नोकरी गेलेल्या ब्रेनर्डने तिथलेच चार अभियंते सोबत घेतले, शिलकीतले सुमारे एक लाख डॉलर घातले आणि १९८४ मध्ये सिअ‍ॅटलला स्वतःची कंपनी काढली. ‘डेस्कटॉप पब्लिशिंग’ हा शब्द रूढ केल्याचं श्रेयही त्यालाच दिलं जातं. आपल्याकडे गल्लोगल्लीच्या पाट्यांवर ‘डीटीपी’ म्हणून रुजला तो हाच.

कंपनीचं नाव त्याने अल्डस ठेवलं. अल्डस मनुशियस हा पंधराव्या-सोळाव्या शतकातला व्हेनिसचा मुद्रक. ग्रीक अभिजात ग्रंथ त्याने छापून वाचकांपर्यंत नेले, इटॅलिक वळणाचा टाइप १५०१ पासून पुस्तकांत रुळवला आणि हातात मावतील अशी आटोपशीर आकाराची पुस्तकं काढली. नाव नुसतं शोभेचं नव्हतं. मोठ्यांच्या हातातली छपाई लहानांच्या आवाक्यात आणायची, हीच ब्रेनर्डचीही धडपड होती.

वेळही जुळून आली. अ‍ॅपलचा मॅकिंटॉश १९८४ मध्ये बाजारात आला होता. त्याच्या पडद्यावर अक्षर छापील अक्षरासारखं दिसे. जॉन वॉरनॉक आणि चार्ल्स गेश्की यांनी १९८२ मध्ये अ‍ॅडोबी स्थापन करून पोस्टस्क्रिप्ट ही पानाचं वर्णन करणारी भाषा तयार केली होती. आणि १९८५ च्या सुरुवातीला अ‍ॅपलचा लेझररायटर आला. एका इंचात ३०० ठिपके छापणाऱ्या या प्रिंटरची किंमत ६,९९५ डॉलर होती आणि त्याच्या आतला प्रोसेसर त्या वेळच्या मॅकिंटॉशपेक्षाही वेगवान होता. पोस्टस्क्रिप्टची खरी करामत अशी की, पान एकदा तयार झालं की तीच फाइल लेझररायटरवर ३०० ठिपक्यांत आणि लायनोट्रॉनिकसारख्या फिल्म काढणाऱ्या यंत्रावर हजाराच्या वर ठिपक्यांत निघे. प्रूफ टेबलावर काढायचं, पक्की कॉपी बाहेरून आणायची.

संगणक होता, प्रिंटर होता, भाषाही होती. पान लावायचं साधन तेवढं नव्हतं. जुलै १९८५ मध्ये पेजमेकर १.० आला, किंमत ४९५ डॉलर. मॅकिंटॉशची विक्री तेव्हा मंदावली होती. ‘हा संगणक घेऊन करायचं काय?’ या प्रश्नाला डीटीपीमुळे एक पक्कं उत्तर मिळालं.

आता पेजमेकर हाताला इतका सोपा का वाटायचा, त्याबद्दल. ज्यांनी ब्रोमाइडच्या, म्हणजे फोटोच्या कागदावर मजकूर काढण्याच्या काळात काम केलं आहे त्यांना हे लगेच पटेल. फोटोकंपोझच्या यंत्रातून मजकुराच्या लांबच लांब पट्ट्या निघत. त्या कटरने कापायच्या, मागे गम लावायचा आणि निळ्या रेघांच्या शीटवर ओळंब्यात चिकटवायच्या. ही निळी रेघ कॅमेऱ्यात उमटत नसे. प्रुफात एक वेलांटी चुकली, तर तेवढा शब्द वेगळा काढून चिमट्याने त्या जागी बसवायचा. जागा नसलेला मजकूर टेबलाच्या कडेला तसाच पडून राही.

पेजमेकरने हे टेबल जसंच्या तसं पडद्यावर आणलं. मधे पान आणि भोवती पांढरी मोकळी जागा, तिचं नावच पेस्टबोर्ड. एखादा फोटो किंवा चौकट तात्पुरती बाजूला काढून ठेवायची, दुसऱ्या पानावर गेलं तरी ती तिथेच दिसे. गाइडच्या रेघा दिसत, पण छापून येत नसत. कंट्रोल आणि डी दाबून मजकुराची फाइल उचलली की कर्सरचं रूप बदले, जणू मजकूर हातात भरून घेतला आहे. मग जिथे टिचकी माराल तिथून तो स्तंभात ओतला जाई. ओतलेल्या मजकुराच्या वर आणि खाली खिडकीच्या पडद्यासारखी एकेक दांडी, दांडीला मधोमध छोटी कडी. खालची कडी रिकामी असली तर मजकूर संपला. तिच्यात अधिकची खूण असली तर तो पुढच्या स्तंभात गेला आहे. आणि लाल त्रिकोण दिसला तर अजून मजकूर शिल्लक आहे, जागा करा. त्या लाल त्रिकोणावर टिचकी मारायची, उरलेला मजकूर पुन्हा हातात येई. नवशिक्या मुलामुलींना हे एका दुपारी समजायचं. आधी चौकट आखा, मग तिच्यात मजकूर घाला, असा दंडक त्यात नव्हता. माझ्या मते पेजमेकरचं सगळं यश याच मोकळेपणात होतं.

बाकीच्या सोयी टप्प्याटप्प्याने येत गेल्या. मास्टर पानावर एकदा माथ्यावरची ओळ आणि पृष्ठांक टाकला की ते सगळ्या पानांवर येई. स्कॅन केलेली चित्रं सगळ्या प्रोग्रॅमना वाचता यावीत म्हणून अल्डसने १९८६ मध्ये टिफ हे स्वरूप ठरवलं. आजही छापखान्यात फोटो टिफमध्ये मागतात, त्याचं मूळ इथे आहे. विंडोजवरची आवृत्ती १९८७ मध्ये हाती आली, आणि भारतात पेजमेकर पसरला तो याच वाटेने, कारण मॅक आपल्याकडे मोजक्या जाहिरात संस्थांत आणि मोठ्या कचेऱ्यांत होते. चौथ्या आवृत्तीत स्टोरी एडिटर, अनुक्रमणिका आणि सूची आली, म्हणजे जाड पुस्तकंही करता येऊ लागली. बिल्ड बुकलेट ही छोटी सोय मला विशेष आवडायची. मधोमध पिन मारलेल्या पुस्तिकेची पानं कोणत्या क्रमाने शेजारी यायला हवीत हे ती आपणच लावून देई. नाहीतर कागदाची घडी घालून, पानांवर आकडे टाकून हिशेब करावा लागे.

तोवर अमेरिकेत वारं फिरलं होतं. डेन्व्हरच्या क्वार्क कंपनीचा क्वार्कएक्सप्रेस हा प्रतिस्पर्धी प्रोग्रॅम १९८७ मध्ये आला आणि रंगकाम, मोजमापातली अचूकता या बळावर मोठ्या मासिकांची कामं त्याने खेचून घेतली. १९९४ मध्ये अल्डस कंपनी अ‍ॅडोबीत विलीन झाली. ब्रेनर्ड बाहेर पडला आणि पुढच्या वर्षी त्याने पर्यावरणरक्षणासाठी स्वतःच्या नावाचं प्रतिष्ठान काढलं. अ‍ॅडोबीने पेजमेकर ६, ६.५ आणि २००१ मध्ये ७.० काढला, पण क्वार्कशी खरी झुंज देण्यासाठी १९९९ मध्ये इनडिझाइन हा नवा प्रोग्रॅम आणला. २००४ मध्ये पेजमेकरचं काम थांबवल्याचं जाहीर झालं. सातवी आवृत्ती शेवटची ठरली.

महाराष्ट्रात मात्र पेजमेकर तेव्हा भरात होता. ‘पेजमेकर, कोरलड्रॉ, फोटोशॉप’ हे त्रिकूट डीटीपीच्या प्रत्येक क्लासच्या फलकावर असे. आणि त्याला मराठी बोलायला लावण्याचं मोठं काम पुण्यात झालं होतं. आयआयटी कानपूरमध्ये सुरू झालेलं जिस्टचं, म्हणजे भारतीय लिप्या संगणकावर आणण्याचं काम १९८८ मध्ये स्थापन झालेल्या सीडॅक या सरकारी संगणक संस्थेकडे पुण्यात आलं. त्यांचे योगेश, सुरेख हे फाँट कित्येकांच्या नजरेत बसलेले आहेत. मॉड्युलर इन्फोटेकची श्रीलिपी ही अशीच दुसरी प्रणालीही पुण्याचीच. टाइपरायटर शिकलेल्याला गोदरेजचा कीबोर्ड, नव्याने शिकणाऱ्याला इन्स्क्रिप्ट, असा ज्याच्या त्याच्या बोटांना सोईचा पर्याय मिळे.

युक्ती अशी होती. पेजमेकरला फक्त रोमन अक्षरं माहीत. एका फाँटात २५६ जागा, त्यातल्याही काही राखीव. देवनागरीची जोडाक्षरं धरली तर त्या पुरणार नाहीत. म्हणून अक्षरांचे तुकडे केले: अर्धा ग, अर्धा त, सुटा काना, वेलांट्या, रफार. एकेक तुकडा एकेका रोमन चिन्हाच्या जागी बसवला. की दाबली की मधला प्रोग्रॅम योग्य तुकडे शेजारी ठेवी. आपल्याला मराठी दिसे, पेजमेकरला रोमन चिन्हांची रांग. खिळे जुळवणारा कंपॉझिटर केसमधून, म्हणजे खिळ्यांच्या कप्प्यांच्या पेटीतून, अर्धी अक्षरं आणि काने उचलून शब्द बांधत असे, त्याच जातीचं हे काम. म्हणून श्रेयपानावरचा ‘अक्षरजुळणी’ हा शब्द चुकीचा नव्हताच. ज्यांनी ही फाँटांची जुळणी बसवली त्यांचे आपल्यावर मोठे उपकार आहेत. ट्रेसिंगच्या कागदावर लेझर प्रिंट काढून थेट छपाईची प्लेट करता येऊ लागली आणि तालुक्याच्या गावीही सुबक मराठी छापलं जाऊ लागलं.

पण फाइलीत जे साठत होतं ते मराठी नव्हतं. ‘विद्यार्थी’ हा शब्द घ्या. आपण बोलताना आधी व, मग त्याची वेलांटी. आणि रफाराचा र थच्या आधी. फाइलीत ह्रस्व वेलांटी वच्या आधी बसलेली, कारण ती दिसते आधी. आणि रफार थीच्याही नंतर, शेवटी. शब्द शोधायला गेलं तर शोधण्याच्या खिडकीत रोमन चिन्हं दिसत. एकच शब्द दोघांनी वेगवेगळे तुकडे जोडून लिहिलेला असे. दिसायला सारखा, शोधायला वेगळा. ओळीच्या शेवटी शब्द तोडण्याची सोय बंद ठेवावी लागे, नाहीतर वेलांटी एका ओळीत आणि अक्षर दुसऱ्या ओळीत. अकारविल्हे सूची तर हातानेच.

युनिकोड म्हणजे जगभरच्या लिप्यांतल्या अक्षरांना ठरावीक क्रमांक देणारी व्यवस्था; तिच्या पहिल्याच आवृत्तीत, १९९१ मध्ये, देवनागरी होती. त्यानंतर दहा वर्षांनी आलेल्या पेजमेकर ७ मध्येही युनिकोड नव्हता. मला हे आजही लागतं. इनडिझाइन युनिकोडचा पाया घेऊनच आला, पण देवनागरीची जोडाक्षरं नीट जुळवण्याची सोय त्यात अधिकृतपणे २०१२ च्या सीएस६ या आवृत्तीत आली. तोपर्यंत दुकानदारांनी जुने विंडोज एक्सपीचे संगणक जपून ठेवले, आणि लाखो पानं त्या तुकड्यांच्या भाषेत लिहिली गेली.

काही वर्षांपूर्वी एक निवृत्त शिक्षक माझ्याकडे सीडी घेऊन आले. त्यांच्या आठवणींचं पुस्तक १९९९ मध्ये निघालं होतं, आता दुसरी आवृत्ती काढायची होती. मूळ काम केलेलं दुकान बंद पडलेलं. फाइल उघडली तर आधी फाँट सापडत नसल्याची चौकट आली, त्याच्या बदली कोणता वापरू असं विचारणारी. पुढे गेलो आणि पानभर रोमन अक्षरं, कॅरेट, डॉलर, कंस यांचा चिखल. गुरुजी खुर्चीवरून उठून पडद्याजवळ आले आणि नुसते बघत राहिले.

जुना फाँट एका ओळखीच्या दुकानातून मिळाला, मग मजकूर कन्व्हर्टरमधून युनिकोडमध्ये आणला. रफार भलत्या अक्षरावर गेलेले, काही जोडाक्षरं उघडी पडलेली, अवतरणचिन्हांच्या जागी कुठे कुठे अर्धी अक्षरं. पहिल्या आवृत्तीची छापील प्रत शेजारी ठेवून आम्ही तीन वेळा प्रुफं वाचली. पाने लावून झाल्यावर गुरुजींना शेजारी बसवलं आणि शोधायच्या खिडकीत ‘विद्यार्थी’ टाइप करून दाखवलं. शब्द मराठीत दिसला. एंटर दाबलं की पुढचा, पुन्हा एंटर की त्याच्या पुढचा. त्यांनी कीबोर्ड आपल्याकडे ओढून घेतला आणि पुस्तक संपेपर्यंत ते एकेका ठिकाणी थांबत गेले.