जनुकावर नेम: प्रयोगशाळेतल्या उंदराची पार्श्वभूमी

माणसाच्या औषधाची आधी उंदरावर चाचणी घ्यायची, हे जुनंच. आजाराला हवा तसा उंदीरच घडवायचा, ही गोष्ट मात्र गेल्या पन्नासेक वर्षांतली.

१९७४ मध्ये रुडॉल्फ येनिश आणि बिअॅट्रिस मिंट्झ यांनी एका विषाणूचा डीएनए उंदराच्या भ्रूणात सोडला. वाढलेल्या उंदरांच्या शरीरात तो सापडला, पण पुढच्या पिढीत उतरला नाही. १९८० मध्ये येल विद्यापीठात गॉर्डन आणि रडल यांनी बारीक सुईने थेट फलित अंड्यातच जनुक घातलं. दोनच वर्षांनी वाढसंप्रेरकाचं परकं जनुक मिळालेला, भावंडांच्या जवळपास दुप्पट वाढलेला उंदीर ‘नेचर’ या विज्ञानपत्रिकेच्या मुखपृष्ठावर झळकला. गाजावाजा झाला, पण जनुक गुणसूत्रात कुठे जाऊन बसेल, यावर कुणाचाच ताबा नव्हता. म्हणजे अंधारात मारलेला दगडच.

हव्या त्या जनुकावर नेम धरता येईल असं शास्त्रज्ञ मारिओ कापेकी यांना वाटत होतं. १९८० मध्ये अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेने त्या कामाला पैसे नाकारले, हे होणार नाही म्हणून. ते थांबले नाहीत. ऑलिव्हर स्मिथीज स्वतंत्रपणे त्याच वाटेवर होते, आणि त्यासाठी लागणाऱ्या भ्रूणीय मूलपेशी, म्हणजे शरीराचा कुठलाही भाग बनू शकणाऱ्या भ्रूणातल्या पेशी, १९८१ मध्ये केंब्रिजला मार्टिन इव्हान्स आणि मॅथ्यू कॉफमन यांनी मिळवल्याच होत्या.

जनुक मूलपेशींत बदलायचं आणि त्या दुसऱ्या उंदराच्या भ्रूणात सोडायच्या. जमलं की नाही, हे मात्र साध्या डोळ्यांनी कळायचं. मूलपेशी तपकिरी उंदराच्या, भ्रूण काळ्याचा. जन्मलेलं पिल्लू काळं-तपकिरी, ठिपक्याठिपक्यांचं. मोठं झाल्यावर त्याची जोडी काळ्या उंदराशी लावायची आणि वाट पाहायची. नव्या वेतात तपकिरी पिल्लू दिसलं, की मूलपेशींचा वारसा पुढे गेला. त्यातल्या कुणाकडे बदललेलं जनुक आहे, हे मग डीएनए तपासून ठरवायचं. असे पहिले ‘नॉकआउट’, म्हणजे एखादं ठरावीक जनुक बंद पाडलेले, उंदीर १९८९ मध्ये आले. २००७ चं नोबेल कापेकी, इव्हान्स आणि स्मिथीज यांना मिळालं.

दरम्यान, कर्करोगाकडे कल असलेल्या हार्वर्डच्या उंदराला १९८८ मध्ये अमेरिकेने पेटंट दिलं. सजीवाची मालकी हा वाद तेव्हापासून चालूच आहे.

उंदीर दर वेळी माणसासारखा आजारी पडतोच असं नाही, हेही लवकरच दिसलं. १९९२ मध्ये सिस्टिक फायब्रोसिस या आनुवंशिक आजाराशी निगडित जनुक बंद केलेले उंदीर तयार झाले. त्यांची आतडी तुंबली, पण रुग्णांचा जीव घेणारा फुप्फुसांचा आजार त्यांच्यात तसा उमटला नाही.

२०१३ पासून क्रिस्पर या डीएनए हव्या त्या जागी कापणाऱ्या तंत्रामुळे थेट फलित अंड्यातच नेम साधू लागला, आणि वर्ष-दीड वर्षाचं काम काही आठवड्यांवर आलं. तरी जुने उंदीर अडगळीत गेले नाहीत. मानवी एसीई२ जनुक (विषाणू पेशीत शिरतो ते दार घडवणारं) असलेला, सार्ससाठी बनवलेला आणि २००७ मध्ये जगापुढे आलेला वाण कोविडच्या अभ्यासासाठी २०२० मध्ये, आधीच गोठवून ठेवलेल्या शुक्राणूंतून, पुन्हा वाढवावा लागला.