मराठी विज्ञानकथेला ह्यूगोचं नामांकन: पात्रता, सभासदत्व आणि कागदपत्रं

ह्यूगो पुरस्कारासाठी लेखकाला अर्ज करावा लागत नाही, प्रकाशकाला प्रती पाठवाव्या लागत नाहीत आणि परीक्षक मंडळही नसतं. १९५३ साली सुरू झालेला हा पुरस्कार ‘वर्ल्डकॉन’ या जागतिक विज्ञानकथा संमेलनाचे सभासद नामांकनं आणि मतं देऊन ठरवतात. म्हणजे मराठी कथा तिथवर पोचवायची तर अर्ज मुंबईतल्या वाचकांनीच करायचा आहे, आणि तो सभासदत्वाचा.

२०२७ चं उदाहरण घेऊ. २०२६ चं संमेलन लॉस एंजेलिसजवळ ॲनाहाइमला, २०२७ चं माँट्रियलला. दोन्हींपैकी एकाचं सभासदत्व ३१ जानेवारी २०२७ पर्यंत घेतलेलं असेल तर नामांकन देता येतं. अंतिम मत मात्र फक्त माँट्रियलच्या सभासदांना. मतदानापुरतं मूळ सभासदत्व अलीकडे साधारण ५० डॉलरला मिळतं. प्रत्यक्ष हजर राहायचं असेल तर वरचे पैसे वेगळे.

सभासद होताना आधार किंवा पॅन लागत नाही. नाव, पत्ता, ईमेल आणि परदेशी व्यवहार सुरू केलेलं कार्ड पुरतं. आपल्या बऱ्याच कार्डांवर ही सोय बंद असते, ती बँकेच्या ॲपमधून आधीच चालू करून ठेवा.

आता पात्रता. कथा आदल्या कॅलेंडर वर्षात प्रसिद्ध झालेली हवी, भाषा कुठलीही चालते. ७,५०० पेक्षा कमी शब्दांची ती लघुकथा, १७,५०० पर्यंत दीर्घकथा, ४०,००० पर्यंत लघुकादंबरी आणि त्यापुढे कादंबरी. २०२६ च्या दिवाळी अंकातली कथा २०२७ साठी चालेल, पण अंक हातात पडल्यापासून सभासद व्हायला जेमतेम तीन महिने उरतात. दादरहून अंक आणले की विज्ञानकथा आधी वाचून काढा.

आपल्यासाठी सगळ्यात मोलाचा नियम पुढे आहे. इंग्रजीखेरीज दुसऱ्या भाषेतली कथा पहिल्यांदा इंग्रजीत अनुवादित होऊन आली की त्या वर्षासाठी ती पुन्हा पात्र ठरते. लिऊ त्सिशिन यांची चिनी कादंबरी २००८ साली पुस्तकरूपात आली, इंग्रजी अनुवाद २०१४ साली निघाला आणि २०१५ चा ह्यूगो तिला मिळाला. जुन्या मराठी कथांना आजही ही वाट मोकळी आहे, म्हणून चांगल्या अनुवादकाचं काम मला सभासद गोळा करण्याहून तातडीचं वाटतं.

नामांकनपत्रिकेत प्रत्येक विभागात पाचपर्यंत नावं देता येतात. सगळे विभाग भरायची सक्ती नाही. शीर्षक, लेखक आणि अंकाचं नाव देवनागरीसोबत रोमन लिपीतही लिहा. सर्वाधिक पाठिंब्याची सहा नावं अंतिम यादीत जातात, त्यांना पसंतीक्रम द्यायचा असतो. ‘पुरस्कार कुणालाच नको’ हाही पर्याय असतो. २०१५ मध्ये काही गटांनी ठरवून एकसारखी नामांकनं भरली, तेव्हा सभासदांनी पाच विभागांत हाच पर्याय निवडला. तेव्हा कृपा करून न वाचलेल्या कथेचं नाव भरू नका, मग ती आपल्या मित्राची का असेना.

माँट्रियलला जायचंच असेल तर कॅनडाचा व्हिजिटर व्हिसा लागेल. पासपोर्ट, बँक स्टेटमेंट, नोकरीचं पत्र आणि बोटांचे ठसे ही तयारी बरीच आधी सुरू करा. संमेलनाचं सभासदत्व असलं म्हणून व्हिसा मिळेलच असं नाही.