उत्तर आलं, पण ते सिरिंजमध्ये मावतं का?

सोयाबीन काढणीच्या दिवसांत मराठवाड्यातल्या ग्रामीण रुग्णालयांना सर्पदंश नवा नसतो. समजा एकाच रात्री दोघे आले: ६० किलोचा शेतकरी आणि १२ किलोची मुलगी. दोघांनाही घोणस चावलेली, दोघांतही विषबाधेची लक्षणं. डॉक्टरांनी शेतकऱ्याला एएसव्हीच्या, म्हणजे सर्पविषावरच्या प्रतिविषाच्या, १० व्हायल (औषधाच्या छोट्या बाटल्या) सांगितल्या. मुलीला किती लागतील?

नर्सिंगच्या वर्गात हा प्रश्न टाकला की पेन लगेच १२ भागिले ६० कडे धावतं आणि उत्तर येतं २ व्हायल. आकडेमोड बिनचूक, उत्तर साफ चूक. मुलीलाही १०च. बहुतेक औषधं शरीरावर काम करतात म्हणून वजन बघावं लागतं. एएसव्ही काम करतं ते विषावर, आणि समोर लहान मूल आहे म्हणून साप विष कमी सोडत नाही. आपल्याकडच्या एएसव्हीचा १ मिली घोणशीचं ०.६ मिलीग्रॅम विष निष्प्रभ करतो, म्हणजे १० मिलीची व्हायल ६ मिलीग्रॅम. घोणस एका दंशात सरासरी ६३ मिलीग्रॅमच्या आसपास विष सोडते. ६३ ला ६ ने भागून पाहा, १० व्हायलचा आकडा कुठून आला ते कळेल. वजनाप्रमाणे बदलतं ते फक्त एएसव्ही ज्यात मिसळायचं त्या सलाईनचं प्रमाण.

ड्रग कॅल्क्युलेशनची, म्हणजे औषधांच्या डोसच्या गणिताची तयारी म्हटलं की नर्सिंगची पदविका जीएनएम असो, बीएस्सी असो की एम्सची नर्सभरतीची परीक्षा नॉरसेट, सगळ्या मुली एकच सूत्र घोकतात: हवा असलेला डोस भागिले हातातला डोस, गुणिले मिली. सूत्र चांगलं आहे, पण ते फक्त भागाकार करून देतं. आलेलं उत्तर शक्य आहे का, हे त्याला कळत नाही. ते विचारणं परीक्षा देणाऱ्याचं काम, आणि माझ्या मते तयारीचा अर्धा वेळ त्यावरच जायला हवा. ब्रिटनमध्ये नर्स म्हणून नोंदणी होण्याआधी औषधांच्या गणितात १०० पैकी १०० मिळवावे लागतात. हा नियम मला कडक वाटत नाही. इथे एका चुकलेल्या प्रश्नाच्या जागी उद्या एक रुग्ण असणार आहे.

वजन खरोखर लागतं असं उदाहरण घेऊ. लाल विंचवाच्या दंशावर प्राझोसिन हे औषध रुजवणारे डॉ. हिम्मतराव बावस्कर मूळचे जालना जिल्ह्यातले. महाडला काम करताना त्यांनी केलेल्या या संशोधनाने कितीतरी मुलं वाचली. प्राझोसिनचा डोस किलोमागे ३० मायक्रोग्रॅम. मूल १६ किलोचं असेल तर ४८० मायक्रोग्रॅम. हाताशी साधी गोळी आहे १ मिलीग्रॅमची. १ मिलीग्रॅम म्हणजे १००० मायक्रोग्रॅम, म्हणून ०.४८ गोळी, जवळपास अर्धी. (दीर्घकाळ झिरपणाऱ्या प्राझोसिनच्या गोळ्याही मिळतात. त्या कधीही तोडायच्या नाहीत.)

एकक न बदलता भागाकार केला तर उत्तर येईल ४८० गोळ्या. ही चूक निरुपद्रवी, कारण ती कुणाच्याही डोळ्यांत भरते. घातक चूक ती, जी शक्य वाटते. कुणी घाईत १००० ऐवजी १०० ने भागलं तर उत्तर येतं ४.८, म्हणजे पाच गोळ्या. पाच गोळ्या देता येतात, गिळता येतात, म्हणून हात थांबत नाही. दहापट प्राझोसिनने रक्तदाब मात्र कोसळतो.

म्हणून आधी अंदाज, मग आकडेमोड. मराठीत याची सोय पूर्वीपासून आहे. घरात पावकी, निमकी, दिडकी पाठ असलेलं कुणी म्हातारं माणूस असेल तर त्यांच्यासमोर बसा. पाव, अर्धा, पाऊण, सव्वा, दीड या मापांत विचार करणारा माणूस दशांश चिन्हाने सहज फसत नाही. २ किलोचं नवजात बाळ, ऑर्डर जेंटामायसिन १० मिलीग्रॅम, व्हायल २ मिलीची आणि त्यात ८० मिलीग्रॅम. आधी तोंडी: ८० चा आठवा हिस्सा हवा, म्हणजे २ मिलीचाही आठवा हिस्सा, पाव मिली. आता कागदावर ०.२५ आलं तर ठीक. २.५ आलं तर लेखणी खाली ठेवा, कारण मोठ्या माणसाला पुरणारी अख्खी व्हायल २ मिलीची आणि तुम्ही बाळासाठी त्याहून जास्त मागताय. पाव मिली मोजायला सिरिंजही १ मिलीचीच हवी. ५ मिलीच्या सिरिंजवर तेवढं नीट दिसतच नाही.

दशांश लिहिण्याचे दोन नियम पक्के करा. टिंबाआधी शून्य हवंच: ०.५. टिंबानंतरचं रिकामं शून्य नको: ५ लिहा, ५.० लिहिलं की टिंब पुसट होऊन ५० होतं. आणि आपल्याकडे एक खास धोका आहे. देवनागरीतला एक आणि इंग्रजीतला नऊ घाईच्या अक्षरात सारखेच दिसतात. मराठी शाळेतून आलेल्या मुलींच्या हाताला देवनागरी आकड्यांचं वळण असतं, ते चांगलंच आहे, पण केसपेपरवर आणि ड्रग चार्टवर सगळे आकडे एकाच लिपीत, म्हणजे इंग्रजीतच लिहावेत.

इन्सुलिनमध्ये सूत्र लागत नाही, लेबल वाचावं लागतं. आपल्याकडच्या नेहमीच्या व्हायलमध्ये १ मिलीत ४० युनिट असतात आणि त्यांची सिरिंज लाल टोपणाची. १ मिलीत १०० युनिटवाल्याची सिरिंज नारिंगी टोपणाची. १०० वालं इन्सुलिन लाल टोपणाच्या सिरिंजमध्ये २० च्या रेघेपर्यंत ओढलं तर आत अर्धा मिली, म्हणजे ५० युनिट जातात. अडीचपट.

टक्केवारीचे प्रश्न अवघड वाटतात, पण टक्का म्हणजे १०० मिलीत तितके ग्रॅम, बस. गरोदरपणात झटके आले की देतात ते मॅग्नेशियम सल्फेट ५० टक्क्यांचं असतं: १०० मिलीत ५० ग्रॅम, १ मिलीत अर्धा ग्रॅम, २ मिलीच्या अँप्युलमध्ये (काचेच्या कुपीत) १ ग्रॅम. हे औषध देण्याच्या प्रिचर्ड पद्धतीत आधी ४ ग्रॅम शिरेतून, २० टक्क्यांचं करून. ४ अँप्युल म्हणजे ८ मिली, त्यात १२ मिली पातळ करायचं पाणी, एकूण २०. ताळा पाहा: २० मिलीत ४ ग्रॅम, म्हणजे १०० मिलीत २०. मग प्रत्येक कुल्ल्यात ५ ग्रॅम, १० मिली. स्नायूत एका जागी ५ मिलीच्या वर देत नाहीत, हे पाठ असलेली मुलगी इथे थबकते. थबकावंच. विचारून खात्री करावी; ही पद्धत त्या नियमाला ठरवून केलेला अपवाद आहे. आणि पुढचा डोस गणितावर नाही, गुडघ्यावर ठोकल्यावर पाय उडतो का ते, श्वास आणि लघवी तपासून ठरतो.

ॲड्रेनॅलिनचं एकास हजार म्हणजे १००० मिलीत १ ग्रॅम, मिलीमागे १ मिलीग्रॅम. एकास दहा हजार त्याचा दहावा हिस्सा. आकडा मोठा, औषध सौम्य.

सराव वहीतल्या उदाहरणांवर थोडा आणि खऱ्या लेबलांवर जास्त करा. वापरलेल्या व्हायलींची लेबलं, औषधांची रिकामी खोकी, आयव्ही सेटची (सलाईन लावायच्या नळीची) पाकिटं गोळा करा. सेटवर १ मिलीत किती थेंब ते छापलेलं असतं: साध्या सेटमध्ये बहुधा २०, बारीक थेंबांच्या मायक्रो ड्रिपमध्ये ६०. तासाची मिनिटंही ६०च, म्हणून मायक्रो ड्रिपमध्ये तासाला जितके मिली तितकेच मिनिटाला थेंब, भागाकाराची गरजच नाही.

साध्या सेटचा एक प्रश्न सोडवून पाहा. उन्हाळ्यात टँकरच्या पाण्याने जुलाब होऊन पार सुकलेलं, वर्ष उलटलेलं, १० किलोचं मूल. पहिल्या ३० मिनिटांत किलोमागे ३० मिली सलाईन, पुढच्या अडीच तासांत किलोमागे ७० मिली. पहिला टप्पा ३०० मिली; ३०० गुणिले २० भागिले ३०, मिनिटाला २०० थेंब. परीक्षेत पूर्ण गुण. वॉर्डात मात्र २०० थेंब कुणाला मोजता येत नाहीत, धारच लागते. तिथे बाटलीवर पट्टी चिकटवून दर १० मिनिटांना १०० मिलीची खूण करायची आणि पातळीवर नजर ठेवायची. दुसऱ्या टप्प्याचं उत्तर येतं ९३ थेंब. ते मनगटी घड्याळावर बसवता येतं: १५ सेकंदांत साधारण २३.