तीच मालिका, तेच भूत; मग भीती कुठे गेली?

लहानपणी जी मालिका बघितल्यावर रात्री पांघरूण डोक्यावरून ओढून घ्यावं लागायचं, ती पंचवीस-तीस वर्षांनी पुन्हा लावली की बहुतेकांच्या मनात पहिल्यांदा येतं, ‘एवढ्याशाला आपण घाबरत होतो?’ भूत म्हणजे तोंडाला पांढरा रंग फासलेला नट, पडकं घर म्हणजे प्लायवूडचा सेट. दुसरा धक्का जरा उशिरा बसतो आणि तो जास्त विचार करायला लावणारा आहे. ज्या प्रसंगाची सगळ्यात जास्त धास्ती होती, तो प्रसंग मालिकेत सापडतच नाही.

‘आता आपण मोठे झालो’ हे उत्तर खरं आहे, पण अपुरं आहे. मधल्या काळात टीव्ही बदलला, कान बदलले, बसायची जागा बदलली आणि आठवण तर सतत बदलत राहिली. यातला प्रत्येक बदल वेगळा काढून तपासता येतो.

मुलाला काय दिसतं

सिंथिया हॉफनर आणि जोअ‍ॅन कॅन्टर या संशोधकांनी 1985 साली मुलांना एका बाईची छोटी चित्रफीत दाखवली. तिच्या चार आवृत्त्या होत्या. बाई दिसायला कधी छान, कधी कुरूप. वागायला कधी प्रेमळ, कधी दुष्ट. तीन ते पाच वर्षांच्या मुलांवर तिच्या दिसण्याचा प्रभाव फार मोठा होता. नऊ-दहा वर्षांची मुलं तिच्या वागण्याला जास्त महत्त्व देत होती. लहान मूल कथा बघतच नसतं, ते चेहरा बघत असतं. म्हणून एखाद्या मालिकेतलं भलं, मदत करणारं भूतसुद्धा चार वर्षांच्या मुलाला रडवतं आणि मोठेपणी तीच गोष्ट बघताना ते भूत बिचारं वाटतं.

‘हे खोटं आहे’ हे वाक्य त्या वयात फारसं उपयोगी पडत नाही. मूल ते वाक्य पाठ म्हणून दाखवेल, पण भीतीच्या क्षणी त्याचा वापर करून स्वतःला शांत करणं वेगळं. ते काम मेंदूच्या पुढच्या भागाचं आहे आणि तो भाग विशीच्या मध्यापर्यंत पक्व होत राहतो. मोठ्या माणसाच्या मेंदूत धोक्याची घंटा वाजवणारा अमिग्डला तसाच आहे, फक्त त्याला आवरणारी यंत्रणा आता तयार झालेली असते.

सगळ्याच युक्त्या मात्र वयाबरोबर बोथट होत नाहीत. चेहऱ्यावर खालून टाकलेला प्रकाश हे चांगलं उदाहरण. उजेड वरून येतो असं आपला मेंदू गृहीत धरतो, त्यामुळे हनुवटीखाली दिवा धरला की ओळखीच्या चेहऱ्यावरच्या सावल्या उलट्या पडतात आणि तो चेहरा ओळखणंसुद्धा अवघड जातं. दचकणंही तसंच. अचानक मोठा आवाज झाला की साधारण 30 ते 50 मिलिसेकंदांत पापणी मिटते. हा मार्ग मेंदूच्या खोडातून जातो. समोर काय आहे हे कळण्याआधीच शरीर हललेलं असतं. म्हणून भुताला बघून हसणारा प्रेक्षकही दार आपटल्यावर उडतोच. गंमत अशी की धक्क्याच्या साधारण 100 मिलिसेकंद आधी एखादा हलका आवाज झाला तर दचकणं कमी होतं. जुन्या मालिकांमधले काही धक्के फुसके वाटतात, तिथे आधी एखादी ‘खट्’ ऐकू येते का, हे लक्ष देऊन ऐकण्यासारखं आहे.

आवाजाचं गणित

भीतीदायक मालिकेचं निम्मं काम कानातून होतं. 2015 साली लुक आर्नाल आणि सहकाऱ्यांनी माणसाच्या किंकाळीचं विश्लेषण केलं. साध्या बोलण्यात आवाजाची तीव्रता सेकंदाला चार-पाच वेळा वरखाली होते. किंकाळीत ती 30 ते 150 वेळा होते. हाच तो खरखरीत, अंगावर येणारा गुण. दोन लगतचे स्वर एकत्र वाजवूनही तो मिळतो. 880 आणि 932 हर्ट्झचे, म्हणजे अर्ध्या स्वराच्या अंतरावरचे दोन सूर एकदम धरले की त्यांच्या फरकाएवढे, सेकंदाला 52 हेलकावे तयार होतात आणि ते नेमके किंकाळीच्या पट्ट्यात बसतात. पडद्यावर काहीही घडत नसताना व्हायोलिनची एक ताणलेली ओळ पोटात गोळा का आणते, त्याचं बरंचसं उत्तर इथे आहे. सेट कितीही कच्चा असो, हे संगीत अजूनही काम करतं.

त्या काळच्या ऐकण्यात आणखी एक आवाज मिसळलेला होता आणि तो मालिकेचा नव्हता. पिक्चर ट्यूबच्या टीव्हीत 625 रेषांचं चित्र सेकंदाला 25 वेळा आखलं जायचं, म्हणजे सेकंदाला 15,625 रेषा. रेषा आखणारा ट्रान्सफॉर्मर त्याच वारंवारतेने कंप पावत असे. मुलांना ही बारीक शीळ स्पष्ट ऐकू यायची, वय वाढेल तशी उंच स्वरांची श्रवणशक्ती घटते, त्यामुळे घरातल्या मोठ्यांना ती अनेकदा ऐकूच येत नसे. आजच्या सपाट टीव्हीत ती शीळ नाही आणि असती तरी पन्नाशीच्या कानाला तिचा पत्ता लागला नसता.

पडदा मोठा झाला, चित्र लहान झालं

ही गोष्ट पटकन पटत नाही, म्हणून आकडे बघू. वीस इंची जुन्या टीव्हीचं चित्र साधारण 41 सेंटिमीटर रुंद असायचं. मूल जमिनीवर, पडद्यापासून एक मीटरवर बसलं तर ते चित्र त्याच्या नजरेत सुमारे 23 अंश व्यापत होतं. आज 43 इंची टीव्ही 95 सेंटिमीटर रुंद आहे, पण जुनी मालिका रुंदी-उंचीच्या चारास तीन या प्रमाणात असल्यामुळे दोन्ही बाजूंना काळ्या पट्ट्या राहतात आणि चित्राला 71 सेंटिमीटर मिळतात. सोफा तीन मीटरवर असेल तर ते चित्र नजरेत जेमतेम साडेतेरा अंश भरतं. लहानपणीचं भूत आजच्यापेक्षा खरोखरच मोठं होतं.

शिवाय ते अस्पष्ट होतं. इमारतींवर आदळून उशिरा पोहोचलेला सिग्नल मूळ चित्राशेजारी फिकट जुळं चित्र उमटवायचा. सिग्नल कमजोर झाला की पडद्यावर मुंग्या यायच्या. अपुऱ्या माहितीतून चेहरे शोधायची मेंदूची सवय इथे मोकाट सुटते. आता त्याच मालिकेची 16 मिलिमीटर फिल्म नव्याने स्कॅन केली, की नकली त्वचेची कड आणि लोंबणारी दोरी लख्ख दिसते. व्हिडिओ टेपवर चित्रित झालेल्या मालिकेत मुळात तेवढा तपशील नसतो. तिथे संगणकाने ‘सुधारलेली’ प्रत चेहऱ्यावर मेणासारखा गुळगुळीतपणा आणते. अशी प्रत पुन्हा बघण्यासाठी सगळ्यात वाईट.

जो प्रसंग नव्हताच

1994 साली लॅरी काहिल, जेम्स मॅकगॉ आणि सहकाऱ्यांनी काही लोकांना एक कथा चित्रांसह दाखवली. त्याआधी काहींना औषध नसलेली साधी गोळी दिली होती, काहींना प्रोप्रानोलॉल हे औषध. मधल्या भागात अपघाताचा भावनिक प्रसंग होता. साध्या गोळीच्या गटाला तो भाग जास्त चांगला आठवला. अ‍ॅड्रिनॅलिनच्या जातीच्या संप्रेरकांना अडवणारं प्रोप्रानोलॉल घेतलेल्यांच्या बाबतीत हा जादा फायदा नाहीसा झाला. भीतीच्या क्षणी शरीर जे संप्रेरक सोडतं, तेच आठवण घट्ट बसवतं. मात्र घट्ट बसतो तो प्रसंगाचा गाभा: डोळे, हात, उघडणारं दार. आजूबाजूचं कथानक गळून पडतं आणि मोकळी जागा नंतर भरली जाते.

कशाने भरली जाते? मित्रांनी दुसऱ्या दिवशी तिखटमीठ लावून सांगितलेल्या गोष्टीने, दुसऱ्याच मालिकेतल्या दृश्याने आणि स्वतःच्या कल्पनेने. यातली शेवटची बाब फार महत्त्वाची आहे. घाबरलेलं मूल डोळे झाकतं, पण कान उघडेच असतात. आवाज ऐकून मन जे चित्र रंगवतं, ते बघितलेल्या चित्रांच्या शेजारीच साठतं आणि काही वर्षांनी दोन्हींतला फरक उरत नाही.

ही भूल किती सहज होते याचा पुरावा भुताखेतांशी संबंध नसलेल्या एका घटनेतून मिळतो. 4 ऑक्टोबर 1992 रोजी अ‍ॅम्स्टरडॅममध्ये एक मालवाहू विमान निवासी इमारतीवर कोसळलं. विमान आदळतानाचं चित्रण कुणाकडेच नव्हतं. तरी दहा महिन्यांनी क्रॉम्बाग, वागेनार आणि व्हॅन कॉपन यांनी लोकांना ‘तुम्ही ते चित्रण टीव्हीवर बघितलं का’ असं विचारलं, तेव्हा 55 टक्के लोकांनी ‘हो’ म्हटलं. प्रौढांचं हे असेल, तर सहाव्या वर्षी अर्धवट बघितलेल्या भागाची आठवण हुबेहूब असावी ही अपेक्षाच चुकीची.

नीट बघायचं तर

मालिका लावण्याआधी कागद घ्या. आठवणारे प्रसंग क्रमाने लिहा: काय दिसलं, कोणता रंग, कोणता आवाज, पुढे काय झालं. प्रत्येकाला खात्रीचे गुण द्या, दहापैकी. त्याआधी पोस्टर, क्लिप किंवा भागांचा सारांश अजिबात बघू नका. एका छायाचित्रानेही जुनी आठवण रंगते आणि मग तुलनेला अर्थ उरत नाही.

प्रत निवडताना चारास तीनची मूळ प्रत घ्या. भिंतीवरचं घड्याळ किंवा गाडीचं चाक लंबगोल दिसलं तर चित्र ताणलेलं आहे. पाटीवरची अक्षरं उलटी दिसली तर कुणीतरी चित्र आरशासारखं फिरवून चढवलंय. अशा प्रतींमध्ये आवाजाची पट्टीही अनेकदा बदललेली असते. शीर्षकसंगीत आठवणीपेक्षा खालच्या सुरात वाटलं तर आठवणीला लगेच दोष देऊ नका. सेकंदाला 24 चौकटींची फिल्म 25च्या गतीने प्रसारित होत असे तिथे ती 4 टक्के वेगाने धावायची आणि सूर अर्ध्या स्वराहून थोडा कमी चढायचा. नवी प्रत मूळ गतीची असेल तर तो फरक खराच आहे.

टीव्हीच्या सेटिंगमध्ये हालचाल गुळगुळीत करणारा पर्याय बंद करा. तो मधल्या चौकटी स्वतः तयार करून घालतो आणि सगळं नाटकाच्या तालमीसारखं दिसू लागतं. शार्पनेस खाली आणा. हलणाऱ्या माणसाच्या कडेला कंगव्यासारखे दाते दिसत असतील तर व्हीएलसी प्लेअरमध्ये डीइंटरलेस सुरू करून ‘याडिफ (2एक्स)’ निवडा. चित्राच्या रुंदीच्या साधारण अडीचपट अंतरावर बसा. 71 सेंटिमीटरच्या चित्रासाठी पावणेदोन मीटर. सराउंड बंद, एकच साधा स्पीकर पुरे, दिवा मालवलेला.

एका बैठकीत एकच भाग, न थांबवता. विराम दिला की ताण तुटतो आणि दुसऱ्या कुणी हसायला सुरुवात केली की आपणही हसतो. कागदाशी तुलना दुसऱ्यांदा बघताना करा, मिनिट-सेकंद लिहून. दहापैकी दहा गुण दिलेला प्रसंग सापडला नाही तर आधीचा आणि नंतरचा भाग तपासा, मग त्या काळातल्या दुसऱ्या मालिका. दोन प्रसंगांची सरमिसळ होणं फार सामान्य आहे.

दुपारी निर्धास्तपणे बघितलं आणि रात्री जिन्यात पुन्हा तीच धडधड झाली, तर त्यात नवल नाही. सवयीने भीती पुसली जात नाही. ‘हे सुरक्षित आहे’ अशी नवी आठवण जुनीच्या शेजारी तयार होते आणि ती नवी आठवण जिथे शिकलो त्या परिस्थितीला चिकटलेली असते. परिस्थिती बदलली की जुनी डोकं वर काढते. हॅरिसन आणि कॅन्टर यांच्या 1999च्या अभ्यासात सुमारे 90 टक्के विद्यार्थ्यांनी लहानपणी पडद्यावरच्या दृश्याने घाबरल्याचं सांगितलं आणि साधारण पाव जणांमध्ये त्याची अस्वस्थता तेव्हाही शिल्लक होती. झोप उडत असेल किंवा छातीत धडधड थांबत नसेल तर पुन्हा बघण्याचा हट्ट सोडावा आणि समुपदेशकाशी बोलावं.

हीच मालिका आता स्वतःच्या मुलांना दाखवायची असेल, तर सातच्या आतल्या मुलाला समजावत बसण्यापेक्षा जवळ घ्या, पाणी द्या, हातात आवडतं खेळणं द्या, गरज पडली तर टीव्ही बंद करा. आठ-नऊच्या पुढच्या मुलाला कारणं पटतात. त्याला मेकअप कसा करतात ते दाखवा, आवाज बंद करून तोच प्रसंग पुन्हा लावा आणि निम्मी भीती कुठून येत होती ते त्याचं त्याला शोधू द्या.