रोजच्या गोळीपासून महिन्याच्या इंजेक्शनपर्यंत

अमेरिकेत केंटकी राज्यातल्या लेक्सिंग्टनला १९३५ साली सरकारने अफू-हेरॉइनच्या व्यसनींसाठी एक संस्था उघडली. अर्धं रुग्णालय, अर्धा तुरुंग, भोवती शेती. तिथे महिनोन्‌महिने राहून सुटलेला माणूस जुन्या वस्तीत पाऊल ठेवताच त्याचं नाक गळू लागे, अंग मोडून येई, आणि तो पुन्हा सुईकडे वळे. तिथले संशोधक अब्राहम विकलर यांनी याचा अर्थ लावला: विष शरीरातून गेलं तरी ती गल्ली आणि ते सोबती तलफेशी जोडलेलेच राहतात. हेरॉइन घेऊनही नशा चढलीच नाही, तर ही गाठ हळूहळू सुटेल. व्यसन सोडवण्यासाठीच्या आजच्या मासिक इंजेक्शनचं मूळ या विचारात आहे.

नशा चढू न देणारं औषध न्यूयॉर्कच्या एन्डो लॅबोरेटरीजमध्ये १९६३ साली तयार झालं होतं: नाल्ट्रेक्सोन. मेंदूत अफूवर्गीय द्रव्यं जिथे जाऊन बसतात, त्या जागा ते आधीच अडवून धरतं. स्वतः मात्र नशा देत नाही. पण त्याला खरी गती मिळाली ती व्हिएतनाममधले सैनिक हेरॉइनची सवय घेऊन परतू लागले तेव्हा. १९७२ च्या कायद्याने दीर्घकाळ टिकणाऱ्या, सवय न लावणाऱ्या रोधक औषधांच्या शोधाला सरकारी पाठबळ दिलं. ‘दीर्घकाळ टिकणाऱ्या’ ही गरज तेव्हाच ओळखली गेली होती, हे मला फार महत्त्वाचं वाटतं. प्रत्यक्षात १९८४ साली मंजुरी मिळाली ती रोजच्या गोळीला.

गोळी फसली. औषध म्हणून त्यात खोट नव्हती. ती न घेणं फार सोपं होतं. स्वतः व्यसनात सापडलेले, परवाना जाण्याची धास्ती असलेले डॉक्टर ती नेमाने घेत. ज्याच्यामागे नोकरी नाही, घरी वाट पाहणारं कोणी नाही, तो दोन दिवस गोळी चुकवी आणि तिसऱ्या दिवशी हेरॉइन घेई. याला इच्छाशक्तीचा अभाव म्हणणं अन्याय आहे. आजार निर्णयशक्तीलाच धरतो, आणि उपचार रोज सकाळी तोच निर्णय नव्याने मागत होता.

दरम्यान फिलाडेल्फियात जोसेफ व्हॉल्पिचेली यांनी दारूच्या ७० रुग्णांवर हेच औषध तपासलं. १९९२ साली प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांत, १२ आठवड्यांत पुन्हा व्यसनात घसरलेले गोळी घेणाऱ्यांत २३ टक्के होते, नुसती दिखाऊ गोळी घेणाऱ्यांत ५४ टक्के. दारूने मिळणाऱ्या सुखातही शरीराच्या स्वतःच्या अफूसदृश द्रव्यांचा वाटा असतो, म्हणून हे शक्य झालं.

महिनाभर टिकण्याचं कोडं सुटलं ते शस्त्रक्रियेतल्या विरघळणाऱ्या टाक्यांच्या जातीच्या पॉलिमरमुळे. त्याच्या अतिसूक्ष्म गोळ्यांत औषध भरून कमरेत टोचलं, की पॉलिमर विरघळत जातं आणि औषध थोडं थोडं झिरपतं. अल्कर्मिस कंपनीच्या ३८० मिलिग्रॅमच्या या इंजेक्शनला, व्हिव्हिट्रॉलला, २००६ साली दारूसाठी आणि २०१० साली अफूवर्गीय व्यसनासाठी मंजुरी मिळाली.

दुसऱ्या मंजुरीमागची मुख्य चाचणी रशियात झाली, २५० रुग्णांवर. हेरॉइनच्या जागी देखरेखीखाली दिल्या जाणाऱ्या मेथाडोन या अफूवर्गीय औषधाला तिथे बंदी होती, आणि तुलना झाली ती दिखाऊ इंजेक्शनशी. फायदा स्पष्ट दिसला. पण मेथाडोन किंवा त्याच प्रकारच्या ब्युप्रेनॉर्फिनपेक्षा ते सरस की नाही, हे त्यातून कळणारच नव्हतं.

ब्युप्रेनॉर्फिनशी ती तुलना अमेरिकेत ५७० रुग्णांवर झाली आणि निष्कर्ष २०१८ मध्ये छापून आले. नाल्ट्रेक्सोन टोचण्याआधी साधारण ७ ते १० दिवस अफूवर्गीय काहीही घेऊन चालत नाही, नाहीतर तीव्र विथड्रॉवल, म्हणजे नशा तुटल्याचा त्रास, उसळतो. या उंबरठ्यावरच माणसं गळाली: इंजेक्शन सुरू होऊ शकलं ७२ टक्क्यांचं, ब्युप्रेनॉर्फिन ९४ टक्क्यांचं. ज्यांचं सुरू झालं, त्यांच्यात पुढे दोन्ही औषधं जवळपास सारखी ठरली. इंजेक्शन मध्येच थांबवणाऱ्यांना आणखी एक धोका असतो. शरीराची जुनी सवय मोडलेली असते, त्यामुळे पूर्वी सहज पचणारा हेरॉइनचा डोस आता जीव घेऊ शकतो. तुरुंगातून सुटताना हे इंजेक्शन दिलं असेल, तर पुढच्या महिन्याचं कुठे आणि कोण देणार, हे त्याच दिवशी ठरलेलं असायला हवं.